वऱ्हाडी लोकगीतांतील जुने शब्द : अर्थनिर्णयाचा प्रश्न
(बोरी अरब–दारव्हा परिसराच्या संदर्भात)

लोकगीत मिळाले, लिहून घेतले आणि त्याखाली कठीण शब्दांचे अर्थ दिले म्हणजे अभ्यासकाचे काम संपले, असा समज लोकसाहित्याच्या अभ्यासक्षेत्रात बराच रुजलेला आहे. पदव्युत्तर प्रबंधिकांच्या परिशिष्टांत जी शब्दार्थांची सूची असते, तिच्याकडे एक उपचार म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्या सूचीतच गीताचे आकलन सुरू होते अथवा बिघडते. एखाद्या शब्दाचा अर्थ चुकला, तर एका ओळीचाच अर्थ चुकतो असे नाही. गीतातील स्त्री कोणाशी बोलते, कोणत्या नात्याने बोलते, कोणते काम करीत असताना बोलते, हे सारेच बदलते. शिवाय छापलेला अर्थ हा पुढील अभ्यासकाचा आधार होतो आणि मूळ गायिका हयात नसताना तो तपासून पाहण्याचा मार्गही उरत नाही. प्रस्तुत लेखात वऱ्हाडी लोकगीतांतील जुन्या व प्रादेशिक शब्दांचा अर्थ कसा निश्चित करावा, या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. परिसर आणि भाषिक स्थिती

बोरी अरब हे यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील, यवतमाळ–दारव्हा मार्गावरील गाव. बोरी या नावाची गावे अनेक आहेत. जोडनावामुळे एक बोरी दुसरीपासून वेगळी ओळखता येते. लोकगीतातील शब्दाचेही असेच आहे. सुटा शब्द अनेक अर्थांना उघडा असतो. शेजारचा शब्द, प्रसंग आणि परिसर यांच्या जोडीने त्याची ओळख पटते.

हा परिसर कापूस, तूर आणि ज्वारी यांचा. १९९० नंतरच्या काळात सोयाबीनने येथील पीकरचना बदलली. भाषेच्या दृष्टीने तो वऱ्हाडी मराठीचा असला तरी एकभाषी नाही. बंजारा समाजाची गोरमाटी आणि मुस्लिम समाजाची दखनी-उर्दू यांचा नित्य शेजार वऱ्हाडीला आहे. वऱ्हाड प्रांत १८५३ पर्यंत निजामाच्या अमलात होता. नंतर तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि पुढे मध्य प्रांताला जोडला गेला. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. या इतिहासाचा कोशरचनेवर कसा परिणाम झाला, हे पुढे पाहावयाचे आहे.

येथील गीतप्रकार विविध आहेत. जात्यावरच्या ओव्या, भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत चालणारी भुलाबाईची गाणी, महादेवाच्या यात्रेची गाणी, पोळ्याच्या झडत्या आणि लग्नातील गाणी हे त्यांतील प्रमुख होत. प्रत्येक प्रकाराची शब्दसंपत्ती वेगळी आहे. ओवीत घर, नाती आणि धान्य यांचे शब्द येतात. झडतीत बैल, औजारे आणि गावातील मानपान यांचे. अर्थ ठरविताना प्रथम गीतप्रकार ध्यानात घ्यावा लागतो तो यामुळेच.

२. उच्चारातून निर्माण होणारी संदिग्धता

वऱ्हाडी उच्चारात ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो. डोळा–डोया, फळ–फय, शाळा–शाया, पोळा–पोया ही रूपे सर्वपरिचित आहेत. हे परिवर्तन नियमित असल्यामुळे सोपे वाटते. परंतु त्यामुळे दोन भिन्न शब्द एकाच रूपात येऊन मिळतात, आणि अडचण तेथे उद्भवते.

‘काया’ हा शब्द पाहावा. तो ‘काळा’ असेल किंवा ‘शरीर’ या अर्थाचा तत्सम शब्द असेल. महादेवाच्या गाण्यात दोन्ही अर्थ शक्य आहेत, कारण तेथे देहाच्या नश्वरतेची भाषाही येते आणि काळ्या पाषाणाची, काळ्या मेघाचीही. येथे व्याकरण उपयोगी पडते. शरीरवाचक ‘काया’ स्त्रीलिंगी असल्याने क्रियापद त्याप्रमाणे चालते. ‘काळा’चे ‘काया’ हे पुल्लिंगी विशेषण असते व त्याला विशेष्याची अपेक्षा असते.

‘माय’ या शब्दात व्याकरणही हात देत नाही. ‘माय’ म्हणजे आई, आणि ‘माळ’चा वऱ्हाडी उच्चारही ‘माय’. दोन्ही स्त्रीलिंगी. अशा ठिकाणी क्रियापदाच्या अर्थाकडे वळावे लागते. माळ ओवली जाते, गळ्यात घातली जाते, तुटते. आई बोलावते, वाट पाहते. ‘माया’ या रूपात तर तीन शब्द एकत्र आले आहेत : ममता या अर्थाची माया, ‘माळा’चे वऱ्हाडी रूप आणि ‘माझ्या’चे बोलीतील रूप. सासुरवाशिणीच्या ओवीत ‘माया’ शब्द आला की अभ्यासक ममतेचा अर्थ चटकन देतो, कारण तो भावपूर्ण वाटतो. प्रत्यक्षात तेथे ‘माझ्या’ एवढाच साधा अर्थ असू शकतो. जो अर्थ अधिक काव्यमय तो अधिक बरोबर, असे मानण्याचा मोह आवरला पाहिजे.

दुसरे परिवर्तन आरंभीच्या ‘वि’ व ‘वे’ यांचे. विहीर–इहीर, विस्तव–इस्तो, वेचणे–येचणे, वेडी–येडी. याच ठिकाणी शेजारभाषेचे भान ठेवावे लागते. गोरमाटीत ‘याडी’ म्हणजे आई. बंजारा स्त्रीच्या तोंडचा ‘याडी’ हा शब्द वऱ्हाडी ‘येडी’ समजून लिहिला, तर आईला घातलेली हाक वेडेपणाचा उल्लेख ठरते. ऐकण्यातील अंतर एका स्वराचे असते. अर्थातील अंतर मोजता येणार नाही इतके असते.

मात्र ध्वनिनियमाचा आधार घेताना एक मर्यादा पाळावी लागते. गीते प्रवास करतात. गोंधळी, वासुदेव, कीर्तनकार, छापील गाण्यांच्या पुस्तिका आणि आकाशवाणी यांच्यामार्फत देशावरील रचना वऱ्हाडात आल्या आहेत. त्यामुळे बोलताना ‘मले’ म्हणणारी गायिका गाताना ‘मला’ म्हणू शकते, आणि एखाद्या ठिकाणी ‘ळ’चा स्पष्ट उच्चारही करते. अशा गीताला अधिक ‘वऱ्हाडी’ करून लिहिणे हे त्याला प्रमाण मराठीत बसविण्याइतकेच चुकीचे होय.

३. ओळखीचे रूप, अनोळखी अर्थ

अगदी अपरिचित शब्द अभ्यासकाला थांबवितो. तो चौकशी करतो. खरा धोका परिचित दिसणाऱ्या शब्दांचा असतो. ‘वावर’ या शब्दाचा प्रमाण मराठीतील अर्थ ये-जा, संचार. वऱ्हाडात वावर म्हणजे शेत. ‘धुरा’ म्हणजे प्रमाण भाषेत जबाबदारीचे जू. वऱ्हाडात शेताचा बांध. ‘तास’ म्हणजे पिकाची ओळ, ‘कोठा’ म्हणजे गुरे बांधण्याची जागा, ‘गंज’ म्हणजे स्वयंपाकाचे पातेले, ‘गुंड’ म्हणजे पाणी भरण्याचे धातूचे भांडे. डोक्यावर गुंड घेऊन निघालेल्या स्त्रीचे वर्णन परिसराबाहेरील विद्यार्थ्याला हास्यास्पद वाटावे, इतके हे अंतर आहे.

‘निंदणे’ हा शब्द अधिक विचार करण्यासारखा आहे. वऱ्हाडात निंदणे म्हणजे पिकातील तण काढणे. पश्चिम महाराष्ट्रात त्याला खुरपणी म्हणतात. निंदणाऱ्या बायका रांगेने बसतात, प्रत्येकीच्या वाट्याला आलेल्या पट्ट्याला ‘पात’ म्हणतात, आणि पात धरून त्या पुढे सरकत जातात. नणंद-भावजयीच्या गीतात निंदण्याचा उल्लेख आला आणि अभ्यासकाने त्याचा संबंध निंदेशी जोडला, तर एकत्र श्रमाचे चित्र दोषारोपाचे होते. सासर म्हणजे छळ, असे पूर्वगृहीत मनात असेल तर ही चूक लक्षातही येत नाही. कारण चुकीचा अर्थ अपेक्षेला पूर्णपणे जुळतो. अपेक्षेला फार सहज जुळणारा अर्थ पुन्हा एकदा तपासावा, असा धडा यातून घेता येईल.

नातेवाचक शब्दांत चुकीचा परिणाम अधिक गंभीर होतो. ‘भासरा’ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. संस्कृत ‘भ्रातृश्वशुर’पासून हा शब्द आलेला आहे. प्रमाण लेखनात तो फारसा आढळत नसल्याने ‘सासरा’ या शब्दाचा लेखनदोष समजून तो दुरुस्त केला जाण्याचा संभव असतो. परंतु सासरा आणि भासरा यांच्याशी सुनेचे असणारे वागणे सारखे नाही. भासऱ्यासमोर पदर घ्यावयाचा, त्याच्याशी प्रत्यक्ष बोलणे टाळावयाचे, ही जुनी रीत. गीतातील सून भासऱ्याला काही सांगू पाहते, तेव्हा त्या बोलण्यातच मर्यादा ओलांडल्याचा ताण असतो. शब्द ‘सुधारला’ की तो ताण नाहीसा होतो, आणि आपण काय गमावले हे वाचकाला कळतही नाही.

‘मोहतूर’ हा असाच शब्द. तो ‘मुहूर्त’ या शब्दापासून आला. पण त्याचा रूढ अर्थ विधवेचा किंवा सोडून दिलेल्या स्त्रीचा पुनर्विवाह असा आहे. त्यालाच ‘पाट’ असेही म्हणतात. व्युत्पत्तीवर विसंबून ‘शुभ वेळ’ असा अर्थ दिला, तर मोहतुराने नांदावयास आलेल्या स्त्रीचे घरातील दुय्यम स्थान, आधीच्या घरी राहिलेली मुले, दुसऱ्या संसारातील संकोच हे सर्व संदर्भ पुसले जातात. शब्दाचे मूळ आणि शब्दाचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

४. जुन्या मराठीचा दुवा

वऱ्हाडी लोकगीतांतील काही शब्द बोलीचे खास म्हणून ओळखले जातात. प्रत्यक्षात ते जुन्या मराठीत सर्वत्र वावरणारे होते आणि प्रमाण भाषेतून मागे पडले. रस्ता या अर्थाचा ‘बिदी’ हा संस्कृत ‘वीथी’पासून आलेला शब्द, रेशमी वस्त्र या अर्थाचा ‘पाटाव’, नैवेद्य या अर्थाचा ‘निवद’ ही त्याची काही उदाहरणे.

या दृष्टीने ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आज मूळ म्हणजे झाडाचे मूळ किंवा आरंभ. जुन्या मराठीत ‘मूळ धाडणे’ म्हणजे माणूस पाठवून बोलावून आणणे; विशेषतः सासरी गेलेल्या मुलीला माहेरी नेण्यासाठी कोणी पाठविणे. जो नेण्यास येतो तो मुऱ्हाळी. तुकारामांच्या अभंगांत पंढरी हे माहेर होते आणि विठ्ठलाकडून मूळ येण्याची वाट पाहिली जाते, ती याच अर्थाने. सणाच्या तोंडावर भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीच्या ओवीत आणि संतांच्या अभंगात हा एकच शब्द आहे. संतांनी तो लोकव्यवहारातून घेतला. म्हणूनच अभंगाचा अर्थ लावण्यासाठी ओवी आणि ओवीचा अर्थ लावण्यासाठी अभंग, असे दुहेरी साहाय्य येथे मिळते.

वऱ्हाडाच्या बाबतीत महानुभाव वाङ्मय हे विशेष मोलाचे साधन आहे. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे. त्यातील गद्य बोलण्याला जवळचे असून घर, अंगण, भांडी, वस्त्रे, अन्न यांचे शब्द त्यात विपुल आहेत. मूळ पोथी धाडीत नाहीशी झाल्यावर अनुयायांनी स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले, अशी पंथातील परंपरा आहे. म्हणजे हा लिखित ग्रंथही काही अंशी स्मरणाच्याच आधाराने आपल्यापर्यंत आला. लोकगीताचे पाठभेद तपासणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मात्र एखादा शब्द लीळाचरित्रात आणि आजच्या ओवीत आढळला, एवढ्यावरून ती ओवी सातशे वर्षांपूर्वीची ठरत नाही. शब्द जुना असू शकतो, रचना कालची असू शकते.

५. दुहेरी अर्थाचे शब्द : ‘सीतादही’

काही शब्दांच्या बाबतीत एकच अर्थ निवडणे हीच चूक ठरते. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्यापूर्वी वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबे शेतात ‘सीतादही’ करतात. पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखविला जातो. यातील ‘सीता’ कोण?

गाणाऱ्या आणि पूजा करणाऱ्या स्त्रियांच्या मनातील सीता रामायणातील आहे. यवतमाळ जिल्ह्यातच राळेगाव तालुक्यातील रावेरी येथे सीतेचे मंदिर आहे. परित्यक्ता सीतेला गावाने गहू नाकारला आणि तिच्या शापाने तेथे गहू पिकेनासा झाला, अशी आख्यायिका त्या गावाशी निगडित आहे. दुसऱ्या बाजूस, संस्कृतात ‘सीता’ या शब्दाचा मूळ अर्थ नांगराने पडलेले तास असा आहे. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील क्षेत्रपतिसूक्तात सीतेला उद्देशून प्रार्थना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीच्या अधिकाऱ्याला ‘सीताध्यक्ष’ म्हटले आहे. शेतात, पीक घरी आणण्याच्या आरंभी होणाऱ्या विधीच्या नावात हा अर्थ सुप्त असणे संभवनीय आहे.

येथे अभ्यासकाने काय लिहावे? ‘सीता म्हणजे नांगराचे तास, गायिकांना हा अर्थ ठाऊक नाही’ असे लिहिले, तर एका जिवंत श्रद्धेला अज्ञानाचे नाव दिले जाते. केवळ ‘रामाची पत्नी’ असे लिहिले, तर शब्दाचा इतिहास हातचा जातो. गायिकेचा अर्थ आणि ऐतिहासिक अर्थ हे दोन वेगळे रकाने मानून दोन्ही नोंदविणे, आणि दुसरा अर्थ अनुमानाचा आहे हे सांगणे, हाच प्रामाणिक मार्ग होय. भूमीतून जन्मलेली आणि भूमीत परतलेली सीता या कथेत दोन्ही अर्थ मुळातच एकत्र आले आहेत, हेही विसरता येत नाही.

६. कोशांचे साहाय्य आणि मर्यादा

मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला व १८५७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. त्याची शब्दसामग्री मुख्यतः मुंबई इलाख्यातील, म्हणजे कोकण आणि देश येथील आहे. पहिल्या आवृत्तीच्या वेळी वऱ्हाड निजामाच्या अमलात होते. एखादा वऱ्हाडी शब्द मोल्सवर्थमध्ये नाही, म्हणून तो अलीकडचा किंवा अपभ्रष्ट, असा निष्कर्ष यामुळेच काढता येत नाही. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२–१९३८) प्रादेशिक शब्द संक्षेपचिन्हांसह नोंदविले, त्यातील वऱ्हाडी आणि नागपुरी नोंदी आजही पहिला आधार म्हणून पाहाव्यात. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांच्या जुन्या मराठीच्या कोशाने (१९९९) जुन्या ग्रंथांतील प्रयोग हाताशी आणून दिले आहेत. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड (१९०५) उच्चार आणि रूपे तपासण्यास उपयोगी पडतो.

हाच प्रश्न अन्यत्र कसा हाताळला गेला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. स्कॉटलंडमधील पारंपरिक कथागीतांत जुन्या स्कॉट्स भाषेचे असंख्य शब्द आहेत. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी ३०५ इंग्रजी व स्कॉटिश कथागीतांचे पाठभेदांसह संपादन केले (१८८२–१८९८) आणि त्याच्या अखेरच्या भागात शब्दसूची दिली गेली. तत्पूर्वी जॉन जेमिसन यांनी १८०८ च्या स्कॉट्स कोशात जुन्या ग्रंथांतील प्रयोगांबरोबर तत्कालीन बोलण्यातील शब्दही घेतले होते. ग्रंथ आणि जिवंत बोली यांची ही सांगड महत्त्वाची आहे. त्याच परंपरेत गैरश्रवणाचे एक प्रसिद्ध उदाहरणही आहे. एका स्कॉटिश कथागीतात मारल्या गेलेल्या सरदाराचा देह हिरवळीवर ठेवल्याचे म्हटले आहे. अमेरिकन लेखिका सिल्व्हिया राइट यांना लहानपणी ते शब्द ‘लेडी मॉन्डेग्रीन’ या स्त्रीच्या नावासारखे ऐकू आले. १९५४ मध्ये त्यांनी ही हकीकत लिहिली आणि अशा चुकीच्या ऐकण्याला ‘मॉन्डेग्रीन’ हेच नाव पडले. सरदाराबरोबर कोणी स्त्रीही मेली, असे एक नवे कथानक त्या चुकीतून उभे राहिले होते. ‘भासरा’चा ‘सासरा’ झाला म्हणजे याहून वेगळे काही घडत नाही.

७. अर्थनिर्णयाची पद्धती

वरील विवेचनावरून काही नियम सुचविता येतात. गीत जसे ऐकले तसे लिहावे. प्रमाण लेखनाचे रूप द्यावयाचे असल्यास ते स्वतंत्रपणे द्यावे. ‘वं’ या वऱ्हाडी संबोधनाचे ‘गं’ करण्यासारख्या किरकोळ वाटणाऱ्या दुरुस्त्याही टाळाव्यात.

गायिकेला ‘या शब्दाचा अर्थ काय’ असे थेट विचारू नये. शिकलेल्या माणसाने अर्थ विचारला की ती त्याला समजेल असा शहरी शब्द पुढे करते, किंवा आपलेच चुकले असे समजून शब्द बदलते. त्याऐवजी वस्तू असेल तर ती दाखविण्यास सांगावे, काम असेल तर ते कसे करतात हे विचारावे, आणि तोच शब्द आणखी कोठे बोलतात, हे जाणून घ्यावे. नंतर तेच गीत दुसऱ्या गायिकेकडून आणि तोच शब्द दुसऱ्या गीतात पाहावा.

नोंदीत ऐकलेले रूप, प्रमाण रूप, गायिकेने सांगितलेला अर्थ आणि अभ्यासकाने ठरविलेला अर्थ ही चार अंगे वेगळी ठेवावीत. अर्थ निश्चित, संभाव्य की अनिश्चित, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहावे. ‘अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. त्यामुळे पुढील अभ्यासकासाठी दार उघडे राहते. गायिका एखादा शब्द अर्थ ठाऊक नसताना गात असेल, तर तीही महत्त्वाची नोंद होय. तिने शब्द समजला नाही म्हणून टाकला नाही. आईने गायिला तसा तो राखला. पुष्कळ जुने शब्द आपल्यापर्यंत पोचले आहेत ते या निष्ठेमुळे.

८. समारोप

शब्द एकटा नाहीसा होत नाही. तो वस्तूबरोबर आणि कामाबरोबर जातो. दळण चक्कीवर गेले आणि ओवीचा प्रसंग संपला. तणनाशकांच्या फवारणीने निंदण कमी केले. ‘पात’ धरणाऱ्या बायकांची रांगही आखूड झाली. ज्वारीचे क्षेत्र घटले तसे त्या पिकाभोवतीचे शब्दही विरळ झाले. बोरी अरबसारख्या गावांत हे शब्द कामातून ठाऊक असलेली पिढी आता वृद्धापकाळात आहे; पुढच्या पिढीला ते गाण्यातून ठाऊक असतील, आणि त्यापुढील पिढीला केवळ छापील संग्रहातून. छापील संग्रहात जो अर्थ असेल तोच तेव्हा शब्दाचा अर्थ मानला जाईल.

ही जबाबदारी पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर आणि महाविद्यालयीन अध्यापकांवर येऊन पडते, कारण परिसराच्या सर्वांत निकट तेच असतात. अनेकांच्या घरी हे शब्द अजून बोलले जातात. ‘वावर’ आणि ‘धुरा’ हे आपल्या घरचे शब्द अशुद्ध म्हणून वर्गाबाहेर ठेवण्याची सवय मोडली, तर अर्थनिर्णयाचे अर्धे साधन हाताशीच असल्याचे दिसून येईल. उरलेले अर्धे ग्रंथांत आणि कोशांत आहे. दोन्ही एकत्र आणले तरच गीतातील सून नेमकी कोणापुढे उभी राहून काय बोलते आहे, ते ऐकू येईल.